याकोबाचे लंगडणे आणि याकोबाची काठी

शास्त्रभाग : उत्पत्ति ३२:२२-३२, इब्री ११:२१



याकोबाच्या चरित्रातील ही रात्र आपल्या मंडळ्यांत सर्वांस परिचित आहे. बायकामुले व गुरेढोरे ह्यांस त्याने यब्बोक नदीपलीकडे पाठविले आणि आपण एकटा मागे राहिला. समोरून भाऊ एसाव चारशे माणसे घेऊन येत होता, आणि मागे सासऱ्याच्या घरचा मार्ग बंद झाला होता. त्या अंधारात कुस्ती झाली, जांघेच्या सांध्यास स्पर्श झाला, सांधा निखळला. तरी आशीर्वाद मिळाल्यावाचून याकोबाने आपली पकड सोडली नाही. त्यास आशीर्वाद मिळाला, नवे नावही मिळाले. ह्यानंतर शास्त्र एक लहानशी गोष्ट नोंदिते, तिजकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सूर्य उगवला, याकोब त्या स्थळाहून पुढे निघाला, आणि तो लंगडत होता.

आशीर्वाद व लंगडणे ही दोन्ही त्यास एकाच रात्री प्राप्त झाली. आशीर्वाद खरा होता म्हणून लंगडणे नाहीसे झाले नाही. आणि लंगडणे राहिले म्हणून आशीर्वाद उणा ठरला नाही. ह्या गोष्टीचा आज आपण विचार करू, कारण आपल्यापैकी कित्येकांस तिची फार गरज आहे.

खुब्याचा सांधा बदलून आलेली माणसे आता आपल्या खेड्यापाड्यांतूनही दिसू लागली आहेत. कोणी म्हातारपणी उंबऱ्यावर अडखळून पडले आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. कोणाचा सांधा वर्षानुवर्षे झिजत गेला. कोणा तरुणाच्या खुब्यातील हाडाच्या गोळ्यास रक्त पोहोचेनासे झाले व तो गोळा खचला. दारूच्या अतिरेकाने, काही औषधे दीर्घकाळ घेतल्याने, किंवा सिकलसेलच्या विकारानेही असे घडते. अशांपैकी पुष्कळांस शस्त्रक्रियेने मोठा आराम पडतो. ज्या वेदनेने रात्री झोप येत नसे, ती वेदना जाते. परंतु काहींच्या पायांत अशक्तपणा मागे राहतो. जखम भरते, टाके निघतात, महिने लोटतात, तरी पाय म्हणावा तसा भार घेत नाही.

अशी एक भगिनी आमच्या परिचयाची आहे. तिचे वय साठीच्या पुढे आहे. वस्तीवस्तीवरच्या बायकांस प्रार्थनेकरिता जमविण्याचे काम तिने पुष्कळ वर्षे पायी चालून केले. शस्त्रक्रियेस आठ महिने झाले होते. दुखणे गेले होते, पण चालताना तिचे अंग एका बाजूस झुके, आणि दिवेलागणीनंतर अंगणात उतरण्याचेही तिला भय वाटे. शेजारी म्हणत, शस्त्रक्रिया फसली. भावकीतील कोणी म्हणे, काही पाप लपलेले असेल. आणि बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने भर सभेत तिला सांगितले की, तुझा विश्वास खरा असेल तर ती काठी टाकून दे. तिने काठी टाकली नाही. परंतु त्या दिवसापासून ती उपासनेस येईनाशी झाली. आम्ही भेटावयास गेलो, तेव्हा तिने एकच प्रश्न केला : “पाळकसाहेब, देवाने दुखणे काढले, मग बळ का नाही दिले? अर्धेच काम करून तो का थांबला?”

हा प्रश्न केवळ त्या एका भगिनीचा नव्हे. ह्यास्तव प्रथम शरीरात काय घडले आहे ते समजून घेऊ, आणि मग वचनाच्या प्रकाशात त्याचा विचार करू.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा होय. मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते, ते कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. शस्त्रक्रियेत खराब झालेला गोळा काढून धातूचा अथवा चिनी मातीसारख्या कठीण द्रव्याचा गोळा बसवितात, व वाटीस नवे अस्तर लावितात. ही विद्या सहज हाती आलेली नाही. इंग्लंडातील राइटिंग्टन येथील इस्पितळात सर जॉन चार्नली ह्या शस्त्रवैद्यांनी प्रथम टेफ्लॉन नावाच्या द्रव्याच्या वाट्या बसविल्या होत्या. त्या थोड्याच वर्षांत झिजल्या, आणि पुष्कळ रोग्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. तरी त्यांनी शोध सोडला नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी एका अधिक टिकाऊ प्लास्टिकची वाटी वापरण्यास आरंभ केला, आणि आज जगभर चालणाऱ्या शस्त्रक्रियेचा पाया तेथे घातला गेला.

परंतु सांधा नवा झाला म्हणून स्नायू नवे होत नाहीत. तुम्ही शेतकरी आहात; एका दृष्टांताने हे तुमच्या ध्यानात येईल. गाडीचा आस मोडला म्हणून ती गाडी कित्येक महिने छपराखाली पडून राहिली. इतके दिवस बैलही गोठ्यात बांधलेले होते. मग सुताराने नवा आस उत्तम बसविला. आता त्याच दिवशी पूर्ण ओझे भरून गाडी घाटावर नेली, तर ती चढेल काय? आस दृढ आहे, पण बैल दुबळे झाले आहेत. त्यांस आधी रिकामी गाडी ओढू द्यावी लागेल, मग थोडे ओझे, मग अधिक. खुब्याचेही असेच आहे. वेदनेमुळे वर्षानुवर्षे तो पाय जपून टाकिला जात होता, त्यामुळे त्याचे स्नायू शस्त्रक्रियेपूर्वीच सुकले होते. त्यात सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी शस्त्रवैद्यास कोठून तरी वाट काढावी लागते. कोणी पाठीमागून जातात, कोणी बाजूने, कोणी पुढून. त्या त्या वाटेवरचे स्नायू बाजूस सारावे किंवा सोडवून पुन्हा शिवावे लागतात. त्यांस जुळून येण्यास व बळ धरण्यास वेळ लागतो.

आता चालताना अंग एका बाजूस का झुकते? आपण एक पाय उचलितो तेव्हा सारे शरीर दुसऱ्या पायावर तोललेले असते. त्या वेळी खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमरेस समतोल धरून ठेवितात, जसा तंबू ताणलेल्या दोरीने उभा राहतो. दोरी सैल झाली म्हणजे तंबू कलतो. तसेच हे स्नायू अशक्त असले म्हणजे कमर दुसऱ्या बाजूस खाली जाते, आणि तोल सांभाळण्यासाठी माणूस आपले अंग अशक्त पायाकडे टाकितो. फ्रीड्रिश ट्रेंडेलेनबुर्ग ह्या जर्मन शस्त्रवैद्यांनी १८९५ साली ह्याचे वर्णन केले. तात्पर्य, ही चाल म्हणजे कोणाचा शाप किंवा दृष्ट नव्हे. तिचे कारण माहीत आहे, आणि पुष्कळ अंशी तिजवर उपायही आहे.

ह्यावरून आपण चार गोष्टी शिकू.

पहिली गोष्ट ही की, मागे राहिलेला अशक्तपणा हा अविश्वासाचा पुरावा नव्हे. सुंदर नावाच्या दरवाजापाशी बसणारा जन्माचा पांगळा पेत्राच्या शब्दाने तत्काळ उठला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात आपण वाचितो, आणि त्यावर आपला पूर्ण विश्वास आहे. परंतु तेच पवित्र शास्त्र आपणांस हेही सांगते की, पौलाने आपला सोबती त्रफिम ह्यास मिलेत येथे आजारी स्थितीतच मागे ठेविले. तीमथ्याच्या पोटाच्या वारंवारच्या विकारासाठी त्याने साधा घरगुती उपाय सुचविला. लूक हा प्रिय वैद्य पौलाच्या सोबत होता, आणि त्याची विद्या त्या मंडळीत कोणी तुच्छ मानिली नाही. ह्या लोकांचा विश्वास थोडा होता असे कोण म्हणेल? बेथसैदा येथील आंधळ्याचे उदाहरण तर आपल्या भगिनीच्या प्रश्नास थेट उत्तर देते. प्रभूने त्यास एकदा स्पर्श केला तेव्हा त्यास माणसे झाडांसारखी अस्पष्ट दिसली. दुसऱ्यांदा स्पर्श केला तेव्हा त्यास स्वच्छ दिसू लागले. त्या दोन स्पर्शांच्या मध्ये तो मनुष्य अर्धवट दृष्टीने प्रभूपुढे उभा होता, तरी तो प्रभूच्या हातीच होता. तुम्ही आज त्या मधल्या वेळेत उभे असाल, तर प्रभूचा हात निघून गेला आहे असे समजू नका.

दुसरी गोष्ट ही की, बळ परत येणे हे धीराने करावयाचे काम आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात गळून गेलेल्या हातांविषयी व लटपटणाऱ्या गुडघ्यांविषयी लिहिले आहे. तेथे लेखक नुसती वाट पाहा असे सांगत नाही. त्यांस सबळ करा व पायांसाठी वाटा नीट करा असा बोध करितो. म्हणजे काही करावयाचे आपल्याकडेही आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळांची चाल चांगली सुधारते. परंतु स्नायूंचे बळ वर्षभर, आणि कित्येकांचे त्याहूनही अधिक काळ, हळूहळू वाढत राहते. आठ महिने झाले, आता काही होणे नाही, असे म्हणून बाजेवर पडून राहणाराचा पाय बाजेमुळेच अधिक दुबळा होतो.

ह्यास्तव इस्पितळातील व्यायाम शिकविणारे जे सांगतात ते प्रार्थनेइतक्याच नियमाने करावे. निजून घोट्यापासून पाऊल वरखाली करणे, मांडीचा स्नायू आवळून धरणे, ढुंगणाचे स्नायू आवळून सोडणे, हे आरंभीचे. पुढे भिंतीस किंवा जड टेबलास धरून उभे राहावे व पाय बाजूस उचलून हळूच खाली आणावा; उंच खुर्चीवरून हात न टेकता उठावे व बसावे; सपाट वाटेवर दररोज थोडे अधिक चालावे. मात्र कोणता व्यायाम केव्हा आरंभावा हे आपल्याच डॉक्टरास विचारावे. ज्याचे स्नायू सोडवून शिवले आहेत त्यास पाय बाजूस उचलण्याची मनाई काही आठवडे असू शकते, आणि शेजाऱ्यास जे चालले ते आपल्यास चालेलच असे नाही. पाठीमागच्या वाटेने शस्त्रक्रिया झालेल्यांस बहुधा आरंभीचे काही आठवडे उकिडवे बसू नये, मांडी घालू नये, पायावर पाय टाकू नये, खाली वाकून वस्तू उचलू नये असे सांगतात, कारण त्याने नवा सांधा निखळण्याचे भय असते. ही बंधने कधी उठतात हेही डॉक्टरासच विचारावे. डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध, मासळी, जे घरात परवडेल ते पोटात जावे. उपाशी स्नायू बळ धरीत नाही.

कित्येकांस पाय थोडा लांब झाल्यासारखा वाटतो. कमर वर्षानुवर्षे तिरपी राहिलेली असते, म्हणून असे वाटते. स्नायू सैल झाले म्हणजे हा भास पुष्कळदा कमी होतो. तेव्हा आपल्याच मनाने जोड्याखाली टाच ठोकून घेऊ नये. आधी डॉक्टराकडून पाय मोजून घ्यावा. क्वचित् कोणाचा पाय लोंबतो, म्हणजे पाऊल वर उचलिता येत नाही. खुब्यामागून जी मोठी शीर पायात उतरते, ती ताणली गेल्याने असे होते. उत्पत्तीच्या ह्याच अध्यायात याकोबाच्या स्मरणार्थ जांघेची शीर न खाण्याची इस्राएल लोकांची चाल सांगितली आहे. यहूदी परंपरा ती हीच शीर मानिते. दुखावलेली शीर पुन्हा वाढते तेव्हा ती दिवसास सुमारे १ मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्यास सुमारे १ इंच. खुब्यापासून पावलापर्यंतचे अंतर मोजा, म्हणजे धीर किती धरावा लागतो ते कळेल. तोवर पावलास आधार देणारा पट्टा मिळतो, तो वापरण्यात काही कमीपणा नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. धीर धरणे म्हणजे धोक्याच्या खुणांकडे डोळेझाक करणे नव्हे. एकाएकी खुब्यात तीव्र वेदना होऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसू लागला. ताप आला अथवा जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला. पोटरी सुजून दुखू लागली. दम लागून छातीत दुखू लागले. चांगले चालणारा पाय अकस्मात् लुळा पडला. अथवा लघवी व शौच ह्यांवरचा ताबा गेला. तर रविवारची प्रार्थनासभा होऊ द्या म्हणून थांबू नये. त्याच घटकेस इस्पितळ गाठावे. हळूहळू सुधारत जाणारा अशक्तपणा एक आहे आणि वाढत जाणारा अशक्तपणा दुसरा. वाढत असेल तर आपल्या शस्त्रवैद्यास अवश्य दाखवावे. उपदेशक बंधूंनी ह्या खुणा पाठच करून ठेवाव्या, कारण खेड्यात पहिला निरोप बहुधा त्यांच्याकडेच येतो.

तिसरी गोष्ट काठीविषयी. काठीची लाज वाटणारे पुष्कळ आहेत. पण याकोबाकडे पाहा. तरुणपणी बापाच्या घरून निघाला तेव्हा यार्देन ओलांडताना त्याच्याजवळ एक काठीच होती, हे त्याने आपल्या प्रार्थनेत स्वतः सांगितले. आणि आयुष्याच्या अखेरीस योसेफाच्या मुलांस आशीर्वाद देताना तो आपल्या काठीच्या टोकावर टेकून देवाचे भजन करीत होता, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. तेथे विश्वासाच्या वीरांची मालिका दिली आहे, आणि त्या मालिकेत याकोबाचे चित्र काठीसह आहे. जी काठी पवित्र शास्त्राने झाकिली नाही, ती आम्ही का झाकावी? आणि जी काठी टेकून याकोबाने उपासना केली, ती टाकून दिल्यानेच विश्वास सिद्ध होतो असे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

काठीचा उपयोगही समजून घ्या. एका पायावर उभे असता त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तिप्पट भार येतो, कारण वजनाबरोबरच समतोल धरणाऱ्या स्नायूंची ओढही त्यावर पडते. काठी दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरिली, तर ह्या स्नायूंचे काम हलके होते. आमच्या लोकांत पुष्कळ जण अशक्त पायाच्याच बाजूस काठी धरितात, त्याने लाभ थोडा होतो. उजवा पाय अशक्त असेल तर काठी डाव्या हातात असावी, आणि काठी व अशक्त पाय एकाच वेळी पुढे पडावे. हात सरळ सोडून उभे राहिले असता काठीची मूठ मनगटाशी यावी. खाली रबराची टोपी असावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना अशक्त पाय आधी, एवढे ध्यानात ठेवावे. रात्री उंबऱ्यापाशी दिवा असावा. वाटेतले गोणपाट, दोऱ्या व भांडी उचलून ठेवावी.

आणि चालण्याच्या वेगाविषयी म्हणाल तर, तेहतिसाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. एसावाने आपल्याबरोबर चलण्यास सांगितले, तेव्हा याकोबाने उत्तर दिले की, लहान मुले व दुभती गुरे ज्या चालीने चालतील त्या चालीने आपण सावकाश येऊ. जो मनुष्य सर्व आयुष्यभर भावाच्या पुढे जाण्यास धडपडला, तो आता दुर्बळांच्या चालीने चालू लागला. त्यास घाई राहिली नव्हती, कारण जे मिळवावयाचे ते त्याने पहाटे मिळविले होते.

चौथी गोष्ट त्यांच्यासाठी, ज्यांनी सर्व काही केले आणि तरी बळ पुरते परत आले नाही. व्यायाम झाला, दोन वर्षे झाली, डॉक्टरांनी तपासून सांगितले की, सांधा ठीक आहे, आता एवढेच. अशा माणसास वरवरचे समाधान सांगणे हे पाप आहे. त्याची हानी खरी आहे. ज्या पायांनी तो पेरणीस गेला, घागर घेऊन चढ चढला, रात्री दूरच्या वस्तीवर प्रभूची वार्ता घेऊन गेला, त्या पायांसाठी त्याने शोक केला तर तो अविश्वास नव्हे. स्तोत्रकर्त्यांनी देवापुढे रडून विचारिले आहे. आम्हांसही ती मोकळीक आहे. पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीन वेळा विनंती केली. त्यास जे उत्तर मिळाले त्यात काटा काढण्याचे अभिवचन नव्हते. कृपा पुरेल एवढेच अभिवचन होते. ते उत्तर मिळावयाच्या आधी तीन वेळा मागणे झाले, हे विसरू नका. जो कधी मागत नाही त्याचा तो संतोष नव्हे, ती निराशा होय. मागावे, श्रम करावे, आणि मग जे राहिले ते प्रभूच्या हाती द्यावे.

आता मंडळीस दोन शब्द. शौलाचा नातू मफीबोशेथ पाच वर्षांचा असता दाई त्यास घेऊन पळाली, तो पडला व दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे दावीद राजाने योनाथानाच्या प्रीतीस्तव त्यास बोलावून आणिले व आपल्या पंक्तीस नित्य जेवावयास बसविले. दुसऱ्या शमुवेलाच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी पाहा : तो राजाच्या पंक्तीस जेवीत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. राजाने त्याचे पाय बरे केले नाहीत; तसे करणे राजाच्या हाती नव्हते. पण जे त्याच्या हाती होते ते त्याने केले. पंक्तीत त्याची जागा ठेविली.

आमच्या हाती काय आहे? बहुतेक खेड्यांत उपासना सतरंजीवर बसून होते. ज्यास खाली बसण्याची मनाई आहे तो एक तर संकोचाने दाराशी उभा राहतो, किंवा घरी राहतो. तेव्हा प्रत्येक मंडळीने दोनतीन उंच व पक्क्या खुर्च्या ठेवाव्या. त्या मागे कोपऱ्यात ठेवू नयेत, सर्वांच्या ओळीतच ठेवाव्या. प्रार्थनेस गुडघे टेकिता येत नसतील, तर बसूनच मस्तक नमवावे. देव गुडघ्यांचा हिशेब ठेवीत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी पुढे येता येत नसेल, तर भाकर व प्याला त्यांच्या जागी नेऊन द्यावा, आणि तेही ओशाळवाणे होईल अशा रीतीने नव्हे. घरात उकिडवे बसण्याचे शौचालय असेल, तर त्यावर ठेवावयाची भोक असलेली खुर्ची बाजारात मिळते. गरीब कुटुंबास ती घेऊन देणे हे दानपेटीतील पैशाचे उत्तम कार्य होय. तरुणांनी इस्पितळाच्या तारखेस सोबत जावे. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांच्या हातचे सर्वच काम काढून घेऊ नये. सून प्रेमाने म्हणते, “आत्याबाई, तुम्ही बसूनच राहा,” परंतु नुसते बसवून ठेवणे ही दया नव्हे. जेवढे होईल तेवढे त्यांस करू द्यावे, कारण माणसास आपला उपयोग आहे असे वाटले म्हणजे पायांतही बळ येते.

त्या भगिनीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ती अजून काठी घेऊनच चालते. अंग पूर्वीपेक्षा कमी झुकते, पण झुकते. वस्त्यांवर जाणे तिला होत नाही. म्हणून आता बुधवारी दुपारी वस्त्यांवरच्या बायकाच तिच्या ओसरीवर येतात. ती उंच खुर्चीवर बसते, बायका खाली बसतात, आणि प्रार्थना होते. तिच्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर तिला मिळाले आहे असे ती म्हणत नाही. पण ती मंडळीत परत आली आहे.

प्रिय जनहो, सूर्य उगवला तेव्हा याकोब नदीपलीकडे गेला. लंगडणे जाईपर्यंत तो अलीकडे थांबून राहिला नाही. ज्या भावाचे त्यास भय होते त्याच्याकडे तो दुखऱ्या पायाने चालत गेला, वाटेत सात वेळा भूमीपर्यंत लवला, आणि भावाने धावत येऊन त्यास मिठी मारिली. लंगडणाऱ्या याकोबास जे भेटावयाचे होते ते पलीकडेच भेटले. तुम्हीही उठा, काठी योग्य हातात घ्या, आजचे व्यायाम आज करा, आणि जेथे तुमची वाट पाहिली जात आहे तेथे आपल्या चालीने या. मंडळीने तुमची जागा राखून ठेवावी, आणि ज्याने याकोबास त्या वाटेवर सांभाळिले तो प्रभू तुमचे प्रत्येक पाऊल सांभाळो.

आमेन.